मोटारीने परदेश, मध्ये समुद्र : बोट सुटली नाही तर?

नवी पेठेतल्या कापड दुकानदारांकडून आणि अक्कलकोट रोडच्या कारखानदारांकडून एक प्रश्न आम्हाला हल्ली वरचेवर विचारला जातो. मुलगा, भाचा किंवा मेहुणा दुबई-शारजाला नोकरीला आहे. घरी टॉवेल, चादरी किंवा शाळेच्या गणवेशांचा धंदा आहे. विमानाने जाऊन चार दिवस हॉटेलात बसण्यापेक्षा गाडीत नमुने घालून गावोगाव फिरलो, तर जमेल का? दुबईहून निघून ओमानमध्ये मस्कत, पुढे सलालापर्यंत जाता येईल का? वाटेत गाडी बोटीत चढवावी लागते म्हणतात, ते काय प्रकरण आहे?

जमते, असे आमचे उत्तर आहे. मात्र रस्त्याच्या प्रवासाची आखणी आणि मध्ये समुद्र असलेल्या प्रवासाची आखणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावर गाडी बिघडली तर दोन तास जातात. बोट सुटली नाही तर दोन दिवस जातात, आणि त्या दोन दिवसांवर ठरलेले सौदेही जातात. आमची एक सफर अशीच फसली होती. ती हकीकत पुढे देतच आहोत. आधी आखणी समजून घेऊ.

समुद्र टाळता येत नाही

सोलापुरातून पश्चिमेकडे मोटारीने जायचे तर आज जमिनीचा मार्ग नाही. पूर्वीची गोष्ट निराळी होती. १९५७ साली लंडनहून कलकत्त्याला प्रवासी बस आली होती. १५ एप्रिलला निघालेली ती बस ५ जूनला पोहोचली. तिलाही इंग्लंड आणि फ्रान्समधली खाडी बोटीनेच ओलांडावी लागली, आणि इस्तंबूलला बॉस्फरसवर तेव्हा पूलही नव्हता; तो १९७३ साली खुला झाला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने अटारीची तपासणी चौकी बंद केली आणि पश्चिमेचा तो रस्ताच मिटला. त्याच वर्षी एका मराठी माणसाने लंडनहून ठाण्यापर्यंत मोटार आणली, पण ती उत्तरेकडून, चीन आणि नेपाळच्या बाजूने. त्याला ५९ दिवस लागले. व्यापाऱ्याला इतके दिवस दुकान सोडून चालत नाही. म्हणून आखातात गाडीने फिरायचे तर एक तर घरची गाडी जहाजाने पाठवायची, नाही तर तिथली गाडी वापरायची.

घरची गाडी न्यायची तर

घरची गाडी परक्या देशात उतरली की तिथल्या कस्टमच्या दृष्टीने ती आयात झालेली वस्तू ठरते. ती विकली जाणार नाही, परत जाईल, याची हमी कोणी तरी द्यावी लागते. ही हमी म्हणजे 'कार्ने' नावाची पुस्तिका. तिला गाडीचा पासपोर्ट म्हणायला हरकत नाही. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही १९१९ सालची संस्था अशी पुस्तिका देते. मुदत एक वर्षाची असते. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना कस्टमवाला एक भाग काढून घेतो, बाहेर पडताना दुसरा काढून घेतो, आणि दोन्ही वेळचे शिक्के बसलेला तिसरा भाग पुस्तिकेत राहतो. तो भाग हाच आपला पुरावा.

येथे व्यापारी बंधूंनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पुस्तिका मिळते ती बँक हमी किंवा अनामत ठेवून, आणि ही रक्कम गाडीच्या किमतीवर व ज्या देशांत जायचे तिथल्या जकातीच्या दरावर ठरते. बाहेर पडताना शिक्का राहून गेला, तर कागदोपत्री आपली गाडी त्या देशातच आहे. मग तो देश संस्थेकडे जकात मागतो आणि संस्था आपल्या अनामतीला हात घालते. गाडी सोलापुरात आपल्या दारात उभी असली तरी! म्हणून रात्रीचे दोन वाजले असोत की मागे गाड्यांची रांग लागलेली असो, दोन्ही शिक्के डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चौकी सोडू नये. कोणत्या देशाला पुस्तिका लागते आणि कोणत्या नाही, हे संस्थेकडून लेखी घ्यावे. युरोपात ती लागत नाही, इराणसारख्या देशात लागते.

जहाजाने गाडी दोन प्रकारे जाते. पहिल्या प्रकारात ती चालवतच जहाजाच्या पोटात नेतात आणि पलीकडे चालवतच बाहेर काढतात. याला रो-रो म्हणतात. दुसऱ्यात ती कंटेनरमध्ये बांधून, न्हावाशेवासारख्या बंदरातून जाते. रो-रोमध्ये गाडीची किल्ली परक्या हाती द्यावी लागते, म्हणून आत सामान ठेवायचे नाही. कंटेनरला कुलूप आणि सील असते, पण बांधणी-सोडवणीचा आणि दोन्ही बंदरांवरील हाताळणीचा खर्च वाढतो. वीस फुटी कंटेनरची आतली लांबी साधारण ५.९ मीटर आणि दरवाजाची उंची साधारण २.२८ मीटर असते. गाडीवर सामानाचा कॅरिअर असेल तर तो आधी उतरवावा लागतो.

विम्याचा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. आपले मोटार विमापत्र भारतापुरते असते. जादा हप्ता भरून ते नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या सहा देशांपर्यंत वाढवता येते. आखाताचे नाव त्या यादीत नाही. शिवाय वाढवलेल्या विम्यातूनही समुद्रावरचा प्रवास स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. म्हणजे गाडी जहाजावर असताना तिला मोटार विमा लागू नाही. त्यासाठी वेगळा सागरी विमा उतरवावा. जहाज संकटात सापडून काही माल समुद्रात टाकावा लागला, तर ते नुकसान जहाजावरच्या सर्व मालधन्यांवर वाटले जाते, असा सागरी व्यापाराचा जुना रिवाज आहे. आपल्या गाडीला ओरखडाही न येता आपल्याला पैसे भरावे लागू शकतात. सागरी विमा असला तर हा वाटा विमा कंपनी उचलते.

एवढे सगळे वाचून वाचक म्हणतील, ही उठाठेव कशाला? तीन-चार आठवड्यांच्या व्यापारी फेरीसाठी आमचेही मत तेच आहे. जहाजाचे जाणे-येणे, बंदरातले मुक्काम आणि अडकून पडलेली अनामत यांचा हिशेब केला तर घरची गाडी परवडत नाही. सहा महिने-वर्षभराच्या भ्रमंतीला निघालेल्यांसाठी ती ठीक. शिवाय आपल्या गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे आणि आखातात वाहतूकही रस्त्याच्या उजव्या बाजूने. पुढचा ट्रक ओलांडायचा तर शेजारी बसलेल्याने "चला" म्हटल्यावर! व्यापाऱ्याने तिथली भाड्याची किंवा नातेवाइकाची गाडी वापरावी हे बरे.

तिथली गाडी, आपला परवाना

भाड्याच्या गाडीसाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो सोलापूरच्या आर.टी.ओ. कार्यालयातून मिळतो. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तेवढीच. मूळ परवाना बरोबर ठेवलाच पाहिजे. गाडी अमिरातीतून ओमानमध्ये न्यायची तर भाडे कंपनीचे लेखी ना-हरकत पत्र आणि ओमानसाठी वाढवलेला विमा हवा. अरब देशांतर्गत चालणाऱ्या या विमा दाखल्याला तिकडे ऑरेंज कार्ड म्हणतात. गाडी बोटीवर चढणार असेल तर ना-हरकत पत्रात तसा उल्लेख करून घ्यावा. नातेवाइकाची गाडी असेल तर ती त्यालाच चालवू द्यावी. आपल्या खिशात परवाना असला तरी त्याच्या विमापत्रात चालक म्हणून आपल्याला जागा आहेच असे नाही.

नकाशातली गंमत

ओमानचा नकाशा पाहिला तर देशाचा एक तुकडा मुख्य देशापासून तुटून उत्तरेला होर्मुझच्या सामुद्रधुनीवर गेलेला दिसतो. त्याचे नाव मुसंदम आणि मुख्य गाव खसब. मध्ये संयुक्त अरब अमिरातीची भूमी आहे. म्हणजे खसबच्या ओमानी माणसाला मोटारीने मस्कतला जायचे तर आपला देश सोडून अमिरातीत शिरायचे, आणि तिथून बाहेर पडून पुन्हा आपल्याच देशात यायचे. हा वळसा चुकवण्यासाठी खसब आणि मुख्य भूमीवरील शिनास यांच्या दरम्यान मोटारी नेणारी बोट आहे. दक्षिणेला शन्ना ते मसिरा बेट अशी दुसरी बोट आहे.

अंतरे अशी : दुबई ते खसब सुमारे २०० किलोमीटर, दुबई ते मस्कत सरळ रस्त्याने सुमारे ४५०, मस्कत ते सलाला सुमारे १,०००. रस्ते उत्तम आहेत. सोलापूर-मुंबईचे ४०० किलोमीटर ज्याने केले आहेत त्याला ही अंतरे भारी वाटणार नाहीत. पण सलालाच्या वाटेवर वाळवंट आहे. पेट्रोल आणि पाणी दिसेल तिथे भरून घ्यावे.

आमची हकीकत

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही दोघे सोलापूरकर आणि शारजात नोकरीला असलेला आमचा भाचा असे तिघे निघालो. गाडी भाच्याची. डिकीत टॉवेलचे चाळीस आणि चादरींचे बारा नमुने. बेत असा होता की शारजाहून खसबला जायचे, तिथल्या दोन हॉटेलवाल्यांना भेटायचे, दुसऱ्या दिवशी बोटीने शिनासला उतरून मस्कत गाठायचे, तिथे हॉटेलांना कापड पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याला तिसऱ्या दिवशी सकाळी भेटायचे, आणि मस्कतहूनच विमानाने मुंबईला परतायचे. भाचा गाडी घेऊन शारजाला जाईल. या बेतात आम्हा दोघांना अमिरातीत एकदाच शिरायचे होते. म्हणून व्हिसाही एकदाच शिरण्याचा घेतला. चार पैसे वाचले, असे तेव्हा वाटले.

खसबच्या भेटी छान झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेलो तर कळले, वारा सुटला आहे, बोट जाणार नाही. आखातात हिवाळ्यात वायव्येकडून जोराचा वारा येतो, त्याला तिकडे शमाल म्हणतात. उद्याचे उद्या पाहू, असे उत्तर मिळाले. भाचा म्हणाला, "मामू, काळजी कशाला? रस्त्याने निघू, रात्रीपर्यंत मस्कत." आणि तेव्हा आमच्या ध्यानात आले की रस्ता अमिरातीतून जातो आणि आमचा व्हिसा कालच संपला आहे. भाचा तिथला रहिवासी, त्याला मोकळीक. आम्हाला बोटीशिवाय वाट नाही, आणि बोटीला वारा आडवा.

शेवटी भाच्याला नमुने घेऊन रस्त्याने पाठवले. त्यालाही चौकीवर अडवले. चाळीस टॉवेल कशासाठी, विकायला का? आमच्याकडे नमुन्यांची यादी नव्हती, कंपनीचे पत्र नव्हते, टॉवेलांवर शिक्का नव्हता. तीन तास उलटतपासणी झाल्यावर त्याला सोडले. मस्कतच्या व्यापाऱ्यापुढे तो वेळेवर हजर झाला, पण तो बिचारा वातानुकूलन यंत्रांचा मेकॅनिक. टॉवेलचे वजन किती, किती धुण्यांनंतर रंग उतरतो, हजार नग घेतले तर भाव किती सुटतो, हे त्याला काय ठाऊक? दोन दिवसांनी आम्ही मस्कतला उतरलो तेव्हा तो व्यापारी परगावी गेलेला होता. चाचणीपुरती छोटी ऑर्डर ठेवून गेला होता. त्या व्यापाऱ्याचे बाकीचे काम पुढे दुसऱ्या गावाच्या मालाला गेले. विमानाची तिकिटे बदलण्याचा खर्च वेगळाच.

यात दोष वाऱ्याचा नाही आणि बोटीचाही नाही. वारा सुटल्यावर बोट न सोडणे हे शहाणपणच. दोष आमच्या आखणीचा. बोट सुटणार हे आम्ही गृहीत धरले होते.

तेव्हा आखणी अशी करावी

एक : आधी बोट सुटणार नाही असे समजून मार्ग काढावा, आणि त्या मार्गाला लागणारे कागद घ्यावेत. व्हिसा किती दिवसांचा एवढेच पाहू नये. किती वेळा आत येता येते तेही पाहावे. कागदावर रेघ ओढून प्रत्येक सीमेवर 'आत' आणि 'बाहेर' असे लिहावे आणि मोजावे. दोन मार्गांपैकी ज्यात 'आत' जास्त वेळा येते, तेवढ्या वेळांचा व्हिसा घ्यावा.

दोन : बोटीच्या दुसऱ्या दिवशी महत्त्वाची भेट ठेवू नये. मध्ये निदान दोन दिवस मोकळे ठेवावेत. त्या दोन दिवसांत वेळापत्रकातली किरकोळ कामे घालावीत, जी बुडाली तरी चालतील. परतीचे विमानही बोटीला चिकटवून घेऊ नये.

तीन : सुट्टीचे वार तपासावेत. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. अमिरातीने २०२२ पासून आपली सुट्टी शनिवार-रविवारी नेली आणि शुक्रवार अर्धा केला. शारजात मात्र शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस बंद. याचा अर्थ, सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडचे व्यापारी सोमवार ते गुरुवार एवढ्याच दिवसांत पूर्ण वेळ भेटतात. रमजानमध्ये कामाचे तास कमी होतात हे आमच्या वाचकांना सांगायला नकोच.

चार : बोटीचे तिकीट माणसांचे आणि गाडीचे वेगवेगळे असते. गाडीची लांबी आणि कॅरिअरवरच्या सामानासह उंची मोजून द्यावी. सुटण्याच्या वेळेच्या बरेच आधी धक्क्यावर पोहोचावे. गाडी आत उभी केल्यावर हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवावी, पासपोर्ट, औषधे आणि दराचा कागद हातातल्या पिशवीत घेऊन वर जावे. बोट चालू असताना खाली गाडीपाशी सहसा जाऊ देत नाहीत.

पाच : ऋतू पाहावा. सलालाला जून ते सप्टेंबर रिमझिम पाऊस असतो आणि सारे आखात तिथे लोटते, हॉटेले महाग. त्याच मोसमी वाऱ्यांत मसिराच्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो. हॉटेलवाल्यांना भेटायचे तर हंगाम सुरू होण्याच्या तीन-चार महिने आधी जावे, कारण त्यांची खरेदी तेव्हा ठरते.

सहा : होर्मुझ हा जगाच्या तेलाचा दरवाजा आहे. तिथे ताणतणाव वाढला की बोटी थांबतात, विम्याचे दर चढतात. निघण्यापूर्वी आणि निघण्याच्या दिवशीही परराष्ट्र मंत्रालयाची सूचना पाहावी.

नमुन्यांचे कागद

मौल्यवान नमुने किंवा यंत्रे न्यायची असतील तर त्यांच्यासाठीही कार्ने असते. तिला एटीए कार्ने म्हणतात. भारतात ती फिक्की ही संस्था देते आणि तिचीही मुदत वर्षाची असते. अमिरातीत ती २०११ पासून चालते. ज्या ज्या देशांत जायचे ती सर्व नावे आणि आपला हेतू यादीत बसतो का, हे आधी विचारावे. जे विकायचे किंवा वाटून टाकायचे त्याला ही पुस्तिका चालत नाही. नेलेला प्रत्येक नग परत आणावा लागतो.

टॉवेल-चादरीच्या साध्या नमुन्यांना एवढा थाट नको. प्रत्येक नगाला कोपऱ्यात कापून छिद्र पाडावे किंवा 'नमुना, विक्रीसाठी नाही' असा न जाणारा शिक्का मारावा. कंपनीच्या कागदावर इंग्रजीत यादी करावी : नग, वजन, किंमत. दोन प्रती आपल्याकडे, एक चालकाकडे. आमच्या भाच्याचे तीन तास या एका कागदाने वाचले असते.

ऑर्डर मिळाली तर माल कोणत्या नावाने जाणार, हेही घरून निघतानाच ठरलेले असावे. आयात-निर्यात क्रमांक नसेल तर आधी काढावा. भारत-अमिरात व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू झाला आहे. आपल्या कापडाला तिथे जकात माफीचा फायदा मिळतो, पण मूळ देशाचा दाखला जोडला तरच. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे. ग्राहकाला हे सांगावे आणि त्याचे कागदही दाखवावेत. रोख परकीय चलनाच्या नोटा साधारणपणे एका फेरीला ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. बाकीची रक्कम कार्डावर घ्यावी.

आधी घरची तालीम

ज्याने गाडी कधी बोटीत घातलेली नाही त्याने पहिली तालीम परदेशात करू नये. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून मोटारींची रो-रो बोट जाते. साधारण तासाभराचा प्रवास. कोकणात दाभोळ-धोपावे अशी छोटी फेरी बोट आहे. कुटुंबाला घेऊन एकदा जाऊन यावे. गाडी उतारावरून चढवणे, खलाशाच्या हाताच्या खुणेवर इंचाइंचाने सरकवणे आणि पोटातले पाणी हलले तर काय होते, हे सगळे तिथे कळते. पावसाळ्यात समुद्र बिघडला की बोटी रद्द होतात, हेही तिथेच कळते. आम्हाला ते कळायला हवे होते.

हिशेबाचा शेवट

आम्ही पुन्हा गेलो का? गेलो. दीड वर्षाने त्याच भाच्याच्या गाडीतून, त्याच रस्त्याने. या वेळी व्हिसा अनेकदा शिरण्याचा होता आणि त्याला पहिल्यापेक्षा पैसे जास्त पडले. मस्कतची भेट बोटीनंतर चौथ्या दिवशी ठेवली होती. बोट वेळेवर सुटली, वाऱ्याची झुळूकही नव्हती आणि जादा भरलेले पैसे वाया गेले, असे बरोबरचे दुकानदार हसत म्हणाले. आम्ही त्यांना विचारले, दुकानाचा आगीचा विमा आपण दर वर्षी भरता. आग लागली नाही म्हणून तो वाया गेला असे कधी म्हणता का? ते गप्प झाले. मस्कतचा तो जुना व्यापारी या खेपेला भेटला. त्याने टॉवेल हातात घेतला, उलटा केला, कडेची शिवण पाहिली, आणि भाव विचारला. भाव सांगायला या वेळी आम्ही तिथे हजर होतो.